जर्मन, जपानी आणि वनिताबाई

भोरच्या बाजारपेठेत वनिताबाई ओव्हाळांना फारसं कुणी ओळखत नाही. त्या मात्र निम्म्या गावाला ओळखतात, आणि तेही उलट्या रंगात. मेथीची जुडी हातात घेऊन भाव करताना शेजारी एखादी पोक्त बाई येऊन उभी राहिली की वनिताबाईंना आधी तिची निगेटिव्ह आठवते. दात काळे, केस पांढरेशुभ्र, आणि लग्नातली पांढरी साडी कोळशासारखी. मग नाव आठवतं. नाव नाही आठवलं तरी त्यांचं काही अडत नाही, कारण त्या बाईच्या गालावरचा देवीचा वण आपण पेन्सिलीच्या टोकाने कसा झाकला होता, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

ही सगळी ओळखपाळख अंधाऱ्या खोलीत झालेली. त्यांचे यजमान भिमाअण्णा हे भोरचे जुने फोटोग्राफर. एसटी स्टँडकडून गावात शिरताना त्यांचा स्टुडिओ होता. मागच्या पडद्यावर कारंजं, पुढे कुठेच न जाणारा एक संगमरवरी जिना, आणि त्या जिन्यापाशी उभे राहिलेले भोर-वेल्ह्याचे लोक. फोटो काढायचे अण्णा. रोल धुवायचा, कागदावर उतरवायचा, वाळवायचा, कडा कापायच्या, हे सगळं वनिताबाईंकडे. गावाला याची गंधवार्ता नव्हती. अण्णांनी लपवलं होतं असं नाही. कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण फोटो कुणी धुतला हे कोण विचारतंय?

लग्न होऊन त्या पासलीहून भोरला आल्या. पासली म्हणजे वेल्ह्याच्याही पलीकडे, डोंगराच्या कुशीत, भाताच्या खाचरांमध्ये बसलेलं गाव. तिथून आलेल्या त्या मुलीने लाल दिव्याच्या उजेडात, ट्रेमधल्या पाण्यात, कोऱ्या कागदावर माणूस वर येताना पहिल्यांदा पाहिला. अण्णांना वाटलं, आता ही घाबरेल नाहीतर हरखून जाईल. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्याचा एक डोळा बारीक हाय." अण्णांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं की हे काम हिचं. तिथून पुढे वनिताबाईंच्या बोटांची टोकं कायमची तपकिरी झाली. उत्रोलीला दिलेल्या नणंदा चिडवायच्या, वहिनीची मेंदी बारमाही आहे म्हणून.

सर्वांत कठीण काम असायचं ते समाजमंदिरातल्या बौद्ध लग्नांचं. नवरा-नवरी दोघंही पांढऱ्या कपड्यांत, मागची भिंत पांढरी, बसायच्या गादीवरची चादरही पांढरी. सगळं एकमेकांत विरघळून जायचं आणि नुसती दोन डोकी हवेत तरंगायची. मग वनिताबाई निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरच्या उजेडाखाली तळहात धरून चेहऱ्यांवरचा उजेड अडवायच्या आणि साडीवर जास्त पडू द्यायच्या. तेव्हा कुठे निऱ्या दिसायला लागायच्या. नवरीकडची माणसं फोटो बघून म्हणायची, कॅमेरा भारी आहे तुमचा. आत वनिताबाई हात पुसत असायच्या.

आता कॅमेऱ्यांचं. घरात दोन होते, आणि त्या दोघांवरून या नवरा-बायकोचं जितकं वाजलं तितकं पोराच्या शिक्षणावरूनही वाजलं नसेल.

पहिला जर्मन. लष्करातून निवृत्त झालेल्या एका साहेबाकडून अण्णांनी तो तरुणपणी घेतला. उभा चौकोनी डबा, त्याला एकाखाली एक असे दोन डोळे. वरचं झाकण उघडलं की आत दुधी काच, आणि त्या काचेत समोरचं जग. कॅमेरा पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि त्या काचेत बघत फोटो काढायचा. त्याचं एकेक चाक अण्णा असं फिरवायचे की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस अत्तराची कुपी उघडतोय. आवाजही तसाच, जिभेवर खडीसाखर फुटावी एवढा. त्याचं चामडं, पितळ, स्क्रूची डोकी, सगळं हाताने घासून बसवलेलं. अण्णा म्हणायचे, "ज्यानं ही वस्तू केली त्यो माणूस घाईत नव्हता."

दुसरा जपानी. लग्नांची कामं वाढली तेव्हा घेतलेला. काळं प्लास्टिक, हलका, डोळ्याला लावला की खटाक. पुढचा फोटो, खटाक. अण्णांनी त्याचे कधी लाड केले नाहीत. पाठीमागचं झाकण सैल झालं तेव्हा त्यावर काळी चिकटपट्टी मारली आणि ती चिकटपट्टी अजून तशीच आहे. टेम्पोतून पडला, वरातीत गुलाल खाल्ला, एकदा पंक्तीतल्या आमटीत बुडता बुडता वाचला. त्याने कधी दगा दिला नाही.

वनिताबाई जपानीच्या बाजूच्या. त्यांचा हिशोब सरळ होता. कॅमेऱ्याची परीक्षा हातात नाही, पाण्यात होते. जपानीचा रोल धुतला की पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या चौकटी एकसारख्या, शाळेतल्या कवायतीसारख्या. जर्मनचं तसं नव्हतं. सुरुवातीची वर्षं त्याने सोन्यासारखी निगेटिव्ह दिली, हे त्याही कबूल करायच्या. पण पुढे पुढे एखादी चौकट नीट, एखादी जाड काळीकुट्ट, एखादीत माणूस हललेला. उजेडासाठी पापणीसारखं उघडमीट करणारं शटर आळसावलं होतं. हे त्यांना फिल्म बघून कळायचं, आणि अण्णांना सांगितलं की अण्णा तोंड फिरवायचे.

"तुमी मशीन बघता. म्या फिलीम बघती," वनिताबाई म्हणायच्या.

"मशीन चांगली असल्याबिगर फिलीम चांगली येईल व्हय?"

"येती की. ही बघा, ह्या प्लास्टिकच्या डब्याची."

मग अण्णा जर्मनचं चामडं पुसत बसायचे. उत्तर नसलं की माणूस काहीतरी पुसायला घेतो.

पुढे रोलच बंद पडले. स्टुडिओच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. मुलगा प्रशिक पुण्यात कंपनीत लागला, अण्णांच्या हाताला बारीक कंप सुटला, वनिताबाईंच्या बोटांचा तपकिरी रंग हळूहळू उतरला. दोन्ही कॅमेरे कपाटात गेले. भांडणही गेलं, आणि ते गेल्याचं दोघांनाही जरा चुकल्यासारखं वाटत होतं.

आणि मग परवाच्या भातकापणीच्या दिवसांत वनिताबाईंच्या भावाचा, गेनूचा, पासलीहून फोन आला. वाडीतली एक म्हातारी वारली होती. तिचा फोटोच नव्हता. शेवटी मोबाईलवाल्याने आधार कार्डावरचा फोटो मोठा करून दिला, मागे निळं आभाळ टाकलं, आणि तोच भिंतीवर लागला. गेनूला ही युक्ती फारच पसंत पडली होती. "आपल्या आयचंबी तसंच करू आक्का, येळ आली की. आधारचा फोटू साफ हाय तिचा."

वनिताबाईंनी फोन ठेवला. आईचा तो आधारचा फोटो त्यांना चांगला माहीत होता. पासलीच्या शाळेत खुर्चीवर बसवून, "आजी, हलू नका" असं दरडावून काढलेला. डोळे फाटलेले, ओठ मिटलेले. चोरी न करता चौकीवर आणून बसवलेल्या बाईचा चेहरा. आपण उभ्या तालुक्याचे चेहरे धुतले, वण झाकले, निऱ्या काढल्या, आणि आपल्या आईचा म्हणून हा चेहरा मागे राहणार? त्यांना रडू आलं नाही, राग आला. त्या अशाच आहेत, त्यांना आधी राग येतो.

आईचा दुसरा फोटो नव्हता, यात कुणाची हयगय नव्हती. आई, म्हणजे फुलाबाई, फोटोला तोंडच देत नसत. कुणी काही उचलून त्यांच्याकडे रोखलं की पदर तोंडावर. नातवंडांनी मोबाईलवर काढलेल्या सगळ्या फोटोंत पदर होता, नाक होतं, एखाददुसरा कान होता. आणि घरातला फोटोग्राफर म्हणजे खुद्द जावई. जावयासमोर तर त्या डोक्यावरून पदर घेऊन, अर्ध्या पाठमोऱ्या बसायच्या. त्यांच्या पिढीची ती रीत. भिमाअण्णांशी त्या बोलायच्या तेही वनिताबाईंकडे बघत: "जावईबापूंना म्हणावं, भाकरी अजून घ्या." अण्णा शेजारीच बसलेले असायचे.

"आपन जाऊन फोटू काढायचा आयचा," वनिताबाईंनी अण्णांना सांगितलं. "रोलवर. मी सोता धुनार."

अण्णांचा चेहरा उजळला. प्रशिकला फोन गेला. पुण्यात कॉलेजची मुलं पुन्हा रोलवर फोटो काढायला लागली आहेत म्हणे. जे जुन्यांच्या हातून सुटलं ते त्यांना नवं वाटतं. प्रशिकने दोन्ही कॅमेऱ्यांचे रोल, कागद, फोटो धुवायची औषधं असं सगळं आणून दिलं. आणि त्याच संध्याकाळी जुनं भांडण जागं झालं. अण्णांनी कपाटातून जर्मन काढला.

"जपानी न्यायचा," वनिताबाई म्हणाल्या.

"तुझ्या आईचा फोटो त्या प्लास्टिकनं काढू?"

"आय एकदाच बसंल. बसली तर. तवा तुमचा जर्मन झोपला म्हंजी? म्या कुनाकडं बघायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी खिडकीपाशी पांढरा कागद अंथरला, घड्याळजीचे बारके स्क्रूड्रायव्हर मांडले आणि जन्मात पहिल्यांदा जर्मनचं तोंड उघडलं. हाताला कंप होता, म्हणून मनगट काठावर टेकवून एकेक स्क्रू काढत होते. वनिताबाई चहा घेऊन आल्या तेव्हा कागदावर काहीतरी पडलेलं दिसलं. पिवळसर, पिठासारखं. अण्णांनी ते चिमटीत घेतलं आणि नाकाशी नेलं.

"आंबेमोहर वाटतोय," ते म्हणाले.

वनिताबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. दर पावसाळ्यात, भिंगाला बुरशी चढू नये म्हणून, त्या हा कॅमेरा फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात पुरत होत्या. माहेरची सवय. पासलीच्या पावसात काडेपेटीसुद्धा तांदळात ठेवली तरच पेटते. ज्या मुलखात सगळं तांदळात टिकतं तिथल्या बाईला, तांदळात एखादी वस्तू बिघडेल असं सुचणार तरी कसं? फडक्यातून कोंडा झिरपत गेला, शटरच्या तेलात बसला आणि त्याची खळ झाली. जपानीला हा मान कधी मिळाला नव्हता. तो चुलीच्या वरच्या खुंटीला लटकायचा, म्हणून तो वाचला.

"म्या केलं हे," त्या म्हणाल्या. "आनि वर म्याच बोलत हुती इतकी वर्सं, जर्मन झोपतो म्हनून."

"मला ठाऊक हुतं," अण्णा मान वर न करता म्हणाले.

"कवापासनं?"

"लई दिवसांपासनं. रोल भरताना कोंडा दिसायचा."

"मंग बोलला का न्हाई?"

अण्णांनी फुंकर मारली. कोंडा कागदावरून उडाला. "तू लेकराला गुंडाळल्यागत गुंडाळायचीस त्याला. काय बोलू? आनि भिंगाला बुरशी लागली न्हाई कधी, ही भिंगं बघ. भोरात कुनाची राहिली असतील अशी?"

खरंच, भिंगं विहिरीच्या पाण्यासारखी स्वच्छ होती. तांदळाने डोळे राखले होते आणि पापण्या जड केल्या होत्या. वनिताबाईंना त्या क्षणी नवऱ्याबद्दल इतकं भरून आलं की त्यांनी गार झालेला चहा उचलला आणि पुन्हा गरम करायला घेऊन गेल्या. ओट्यापाशी त्या बराच वेळ उभ्या होत्या. चहा उतू गेला.

स्पिरिटने जेवढं साफ करता आलं तेवढं अण्णांनी केलं. पण शटर पूर्वीसारखं झालं नाही. वनिताबाई डोळे मिटून आवाज ऐकत होत्या. क्लिक उघडायची आणि मिटायला विसरायची, किंचितशी. "हळू हाय अजून," त्या म्हणाल्या, पण या वेळी आवाज मवाळ होता. शेवटी तह झाला. दोन्ही न्यायचे. आधी जपानी, मग वाटलं तर जर्मन.

भोरहून नसरापूर, तिथून वेल्हे, आणि पुढे एका ओळखीच्या टेम्पोतून पासली. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. गेनू आणि त्याची बायको मंगल तिकडेच होती. फुलाबाई पडवीत उन्हाला बसून सुपाने तांदूळ पाखडत होत्या. जावयाची चाहूल लागताच पदर पुढे आला आणि म्हातारी अर्धी भिंतीकडे वळली.

वनिताबाईंनी आईचे केस विंचरले. निळं लुगडं नेसवलं. "आय, आज फोटू काढायचाय तुझा," असं सरळच सांगून टाकलं. फुलाबाई नको नको म्हणत राहिल्या, पण लेक इतक्या लांबून आली आहे हे त्यांनाही कळत होतं. त्या बसल्या. अण्णांनी जपानी डोळ्याला लावला. पदर सर्रकन ओठांपर्यंत आला.

"आय, वर बघ की जरा."

"जावयाच्या तोंडाकडं बघू व्हय?"

"जावई न्हाईत गं ते आत्ता. कॅमेरा हाय त्यो."

"आनि कॅमेऱ्याच्या मागं कोन हाय?"

खटाक झालं, पदराचा फोटो निघाला. वनिताबाईंनी अण्णांना खळ्यावर पिटाळलं आणि कॅमेरा स्वतः घेतला. पदर खाली आला खरा, पण डोळ्याला लावलेला तो काळा डबा बघून म्हातारीने श्वास रोखला, ओठ मिटले, डोळे ताणले. वनिताबाईंना त्या चौकटीत हुबेहूब आधार कार्ड दिसलं. त्यांनी तरी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. जपानी इमानाने जे समोर होतं ते टिपत होता, आणि जे समोर होतं ते त्यांची आई नव्हती. त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. एवढी हार त्यांनी कुठल्याच निगेटिव्हपुढे खाल्ली नव्हती.

"झालं का?" फुलाबाईंनी विचारलं आणि सुटका झाल्यासारखं सूप पुढे ओढलं.

अण्णा खळ्यावरून परत आले होते. ते पडवीच्या खालच्या पायरीवर बसले. जर्मन त्यांनी पोटाशी धरला, वरचं झाकण उघडलं आणि मान खाली घातली. रोल भरलेला होता. हात पोटाला टेकलेले, म्हणून कंपही दबला होता. म्हातारीने पदर सावरला, तिरकं बघितलं. जावई आपल्याकडे बघतच नव्हते. ते आपल्या पोटाकडे बघत होते.

"बिघाडलं काय ते?" फुलाबाईंनी वनिताबाईंना विचारलं.

"व्हय मामी, जुनं झालंय," अण्णांनीच खालून उत्तर दिलं. "औंदा भात कसं उतरलं?"

"बरं हाय. वरच्या खाचरात पानी ऱ्हायलं न्हाई." हे मात्र फुलाबाई जावयाला म्हणाल्या. सरळ जावयाला. माणूस मान खाली घालून बसलाय, त्याच्याशी बोलायला कसली रीत आडवी येते? सूप हलत राहिलं, बोलणं चालू झालं. कुठलं बी टाकलं, रानडुकरांनी कुठे नासधूस केली, गेनू कसा ऐकत नाही. अण्णा काचेत बघत हूं हूं करत होते आणि चाक फिरवत होते. बोलता बोलता पदर खांद्यावर आला. वनिताबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. इतक्या वर्षांत ही दोन माणसं एकमेकांशी एवढं बोलली नव्हती.

आणि मग फुलाबाई थांबल्या. समोर खाली वाकलेलं जावयाचं डोकं त्यांनी पहिल्यांदाच वरून, निवांतपणे पाहिलं होतं.

"वने," त्या हळूच म्हणाल्या, "टक्कल पडलंय की गं जावईबापूंना."

आणि हसल्या. दात नसलेलं, भरपूर, डोळ्यांत पाणी आणणारं हसू. सूप हातात तसंच हलत होतं. क्लिक कुणालाच ऐकू आली नाही. वनिताबाईंना आली. ती उघडली, आणि मिटायला विसरली, किंचितशी.

भोरला आल्यावर त्यांनी न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावलं, माळ्यावरचा जुना एन्लार्जर उतरवला. बोटांना सगळं आठवत होतं. आधी जपानीचा रोल. धुऊन वर धरला तर एकेक चौकट रेखीव. पदराची वीण मोजून घ्यावी. ताणलेल्या डोळ्यांची चौकट तर इतकी साफ की गेनू खूश झाला असता. मग जर्मनचा. तो जाडच निघाला, काळा, उजेड जास्त खाल्लेला. पाखडणाऱ्या हातांच्या जागी नुसता धूर. कपाळही जरा हललेलं. असली निगेटिव्ह दुकानात असताना आली असती तर वनिताबाईंनी ती अण्णांच्या पुढ्यात टाकून, बघा तुमचा जर्मन, म्हणून सुनावलं असतं. आता त्यांनी ती खिडकीशी धरली, आणि त्या उलट्या काळ्यापांढऱ्यात, हललेल्या कपाळाखाली, आई हसत होती.

त्या दिवशी वनिताबाई स्वतःशी बरंच भांडल्या. शटर खराब ते खराबच, हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. चांगल्या घडणीची वस्तू म्हणून तिच्या चुका गोड मानायच्या, हा त्यांचा स्वभाव नव्हे. पण त्या जर्मन कारागिराने, घाईत नसलेल्या त्या माणसाने, असा एक डबा केला होता की फोटो काढणाऱ्याला समोरच्या माणसापुढे मान तुकवावी लागते. त्याच्या मनात तसं होतं की नव्हतं, देव जाणे. आपण इतकी वर्षं फिल्म बघितली. फोटो काढताना नवरा कसा उभा असतो, हे कधी बघितलंच नाही. हे लक्षात येऊन त्यांना वाईटही वाटलं आणि थोडी मजाही वाटली.

कागदावर उतरवताना त्यांनी त्या जाड निगेटिव्हला खूप वेळ उजेड दिला. कपाळावर तळहात धरला. हातांचा धूर तसाच ठेवला. तो काढता येण्यासारखा नव्हता. ट्रेमध्ये आई वर आली तेव्हा अण्णा दाराबाहेर उभे होते. "आली का?" त्यांनी विचारलं. "आली," वनिताबाई म्हणाल्या. एवढंच.

जानेवारीत दोघं फ्रेम घेऊन पासलीला गेले. गेनूने ती उजेडात नेऊन बघितली. तो साधा माणूस, त्याने मनात आलं ते सांगितलं. "हात हाललंय आक्का. आधारचा साफ हुता."

वनिताबाईंच्या धंद्याच्या हिशोबाने भाऊ बरोबर बोलत होता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"हिकडं आन," फुलाबाई म्हणाल्या.

त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली. काचेवर बोट ठेवलं, हसऱ्या तोंडावर, मग धूर झालेल्या हातांवर.

"अशीच हसायची," त्या म्हणाल्या.

"कोन गं आय?"

"माझी आय. पाखडताना. हात थांबायचं न्हाईत तिचं." मग काचेवरचं बोट न उचलता, "म्या लहान हुती ती गेली तवा. तोंड इसरली हुती म्या तिचं."

अंगणात झेंडू फुलला होता. त्यांनी मंगलला दोन फुलं तोडून आणायला सांगितली. एक घेतलं आणि फ्रेमच्या काठावर, त्या हसऱ्या चेहऱ्याच्या वर, ठेवलं. गेनू दचकून पुढे झाला.

"आय, जित्या मानसाच्या फोटूला फुल वाहत्यात व्हय?"

"मला न्हाई वाहिलं," फुलाबाई म्हणाल्या. "तिला वाहिलं. ती गेली तवा फुल ठिवायला तिचा फोटू नव्हता घरात. आत्ता गावला."

गेनूने वनिताबाईंकडे बघितलं, की आक्का तरी आईला समजावेल. वनिताबाईंनी मंगलच्या हातातलं दुसरं फूल घेतलं आणि न पाहिलेल्या आजीला वाहिलं.